मेझो आवाज, बावीस जणांचं क्वायर आणि गहाण पडू पाहणारी वाडी

पत्र असं आहे (थोडं आटोपशीर करून देते आहे):

"वय २५. वसईतल्या एका धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीत) राहते. बी. कॉम. करून अंधेरीला अकाउंट्समध्ये नोकरी करते. लहानपणापासून चर्चच्या क्वायरमध्ये गाते आणि आता ते क्वायर मीच चालवते. आम्ही २२ जण आहोत. पाश्चात्त्य शास्त्रीय गायनाची आठवी ग्रेड डिस्टिंक्शनने झाली आहे. माझ्या गायनाच्या टीचर म्हणतात, आवाज मेझोचा (बायकांच्या वरच्या, सोप्रानो आवाजाहून खालचा) आहे, क्वायर सोड, नाहीतर तो बिघडेल. फादर म्हणतात, सगळं सोड पण क्वायर सोडू नकोस. लंडनच्या एका कॉन्झर्व्हेटोअरमध्ये (संगीत महाविद्यालयात) गायनाच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला आहे. शिष्यवृत्ती धरूनही दोन वर्षांचे ४० लाख कमी पडतात. पप्पा वाडी (बागायती जमीन) गहाण टाकू म्हणतात, मम्मी काहीच बोलत नाही. मला शास्त्रीय गायिका व्हायचं आहे आणि कंडक्टरही (हाताच्या खुणांनी क्वायर चालवणारी). सगळे म्हणतात, दोन्ही होत नाही, एक काय ते ठरव. पंचविशीत उशीर तर झाला नाही ना? नवं गाणं मी यूट्यूबवर ऐकून बसवते, ते चालेल ना? टेनरला (पुरुषांच्या वरच्या आवाजाला) दोनच अंकल आहेत, दोघेही पप्पांच्या वयाचे. उशिरा येतात आणि बोललं की रागावतात. शेवटचं म्हणजे, नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला सोलो मीच गाते आणि कंडक्टही मीच करते. ते बरोबर आहे का?"

प्रिय वाचक,

तुझ्या पत्रात पुष्कळ प्रश्न आहेत, पण मुदत एकालाच आहे, म्हणून आधी तोच घेते. वाडी गहाण टाकू नका. या वर्षी तर नकोच.

तुझ्या गळ्याबद्दल मला शंका नाही. न ऐकता कशी असेल? प्रवेश मिळाला म्हणजे तिथल्या लोकांना आवाजात काहीतरी दिसलं, हे उघड आहे. मी अडले ती यूट्यूबच्या ओळीपाशी. परदेशात गायनाच्या मास्टर्सला येणारी बहुतेक मुलं संगीताची तीन-चार वर्षांची पदवी आधीच करून आलेली असतात. त्यांना स्वरलिपीचा कागद वाचता येतो, पियानोवर स्वतःपुरती साथ करता येते, इटालियन आणि जर्मन उच्चार जिभेवर बसलेले असतात. तिथे आठवड्याला गुरूसमोरचा वेळ तासा-दीड तासाचा. बाकी दिवस कोचिंग, भाषा, ऑपेराच्या प्रवेशांच्या तालमी. नवं गाणं स्वतः वाचून दोन दिवसांत उभं करता आलं तर त्या तासात आवाजावर काम होतं. ऐकून बसवणाऱ्याचा तोच तास सूर आणि शब्द दुरुस्त करण्यात जातो. ४० लाखांच्या कर्जावर तू अशी गोष्ट शिकत बसशील जी वसईत बसून, त्याच्या एका कोपऱ्याएवढ्या खर्चात शिकता येते.

शिवाय ती पदवी हातात आली तरी नोकरी हातात येत नाही. गाण्यासाठी महिन्याला पगार देणारं एकही ऑपेरागृह आपल्या देशात नाही. मुंबईत २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, त्यातल्या वादकांचं तेच पोट आहे. गायकांची तशी सोय नाही. पप्पांनी "मग पुढे काय?" असं विचारलं असेल तर तो प्रश्न अगदी वाजवी आहे. आणि नसेल विचारला, तर तू स्वतःला विचार.

प्रवेश मात्र नाकारू नकोस. एक वर्ष पुढे ढकलण्याची विनंती कर, बरेचदा ती मान्य होते. शिष्यवृत्तीचा विचार नव्याने होईल आणि कदाचित ती हातची जाईल. तो धोका आहे, पण वाडी जाण्याच्या मानाने लहान आहे.

आता वयाचं. कॅथलीन फेरियर ही इंग्लंडची काँट्राल्टो (बायकांतल्या सर्वात खालच्या आवाजाची गायिका) टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम करायची. १९३७ मध्ये कार्लाइलच्या संगीत स्पर्धेत तिने भाग घेतला तेव्हा ती पंचविशीच्या उंबरठ्यावर होती आणि गायिका म्हणून कोणी तिला ओळखत नव्हतं. पियानो आणि गायन, दोन्हींचं पहिलं बक्षीस तिने घेतलं. पुढे ती ब्रूनो वॉल्टरसारख्या कंडक्टरबरोबर गायली. ही गोष्ट उशिरा सुरुवात करणाऱ्यांना धीर द्यायला नेहमी सांगतात, पण त्यातली पियानोची बाजू बहुतेक लोक गाळतात. ती उशिरा गायला लागली हे खरं, पण संगीत तिला लहानपणापासून वाचता येत होतं. बायकांचा खालच्या पट्टीचा आवाज तिशीच्या आसपास पिकतो, तेव्हा गळ्याच्या बाबतीत तुला उशीर झालेला नाही. वाचनाच्या बाबतीत झाला आहे.

"एक काय ते ठरव" म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. झुबीन मेहता १९५४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी मुंबईहून व्हिएन्नाला गेले आणि हान्स स्वारोव्स्कींकडे कंडक्टिंग शिकले. मोठमोठ्या कंडक्टरांच्या तालमींना विद्यार्थ्यांना आत सोडत नसत. म्हणून मेहता आणि त्यांचे सहाध्यायी क्लाउडिओ आबाडो यांनी तिथल्या गायकवृंदात बासमध्ये, म्हणजे पुरुषांच्या खालच्या आवाजांत, नाव घातलं आणि कारायान, वॉल्टर यांचं काम गायकांच्या रांगेत उभं राहून पाहिलं. मुंबईतच बघायचं तर, व्हिक्टर परांज्योती यांनी १९५६ मध्ये सुरू केलेलं परांज्योती अॅकॅडमी कोरस त्यांच्या पश्चात १९६७ पासून कूमी वाडिया यांनी चालवलं आणि देशोदेशी नेलं. त्या काळात बाईने कंडक्टरच्या जागी उभं राहणं युरोपातही नवलाचं होतं. तेव्हा टेनरमधल्या अंकलना तुझं ऐकणं जड जात असेल तर त्यात नवीन काही नाही. त्यांच्याकडे मी नंतर येते.

टीचर आणि फादर, दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. टीचरना भीती वाटते त्यामागे कारण आहे. शास्त्रीय गायक माइकशिवाय ऑर्केस्ट्राच्या वर ऐकू येतो, कारण शिकलेल्या आवाजात, विशेषतः पुरुषांच्या आणि तुझ्यासारख्या खालच्या आवाजांत, ३००० हर्ट्झच्या आसपास एक झळाळी येते. क्वायरमध्ये नेमकी तीच झाकावी लागते, नाहीतर अल्टोच्या, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजांच्या, रांगेत तुझा एकटीचाच आवाज टोचेल. तू आत्ता ती झळाळी कमवायला निघाली आहेस आणि दर रविवारी ती दाबते आहेस. पण हा त्रास क्वायरमध्ये गाणाऱ्याला होतो, चालवणाऱ्याला होण्याचं कारण नाही. कंडक्टरचा गळा वेगळ्याच गोष्टीने जातो. टेनरला त्यांची ओळ त्यांच्या पट्टीत गाऊन दाखवणं, बासला खर्जात ओढून दाखवणं, सगळे गात असताना वरून ओरडून सूचना देणं आणि दिवसभराची नोकरी आणि विरार लोकल झाल्यावर रात्री साडेआठला हे सगळं करणं. तू यातलं काय काय करतेस ते लिहिलं नाहीस. माझा अंदाज आहे, सगळंच.

उद्यापासून पुरुषांच्या ओळी कीबोर्डवर वाजवून दाखव. गाऊन दाखवायचंच असेल तर तुझ्या सप्तकात, हलक्या आवाजात, एकदाच. ते गात असताना बोलायचं नाही, हात थांबव, सगळे थांबले की मग बोल. तालमीच्या दिवशी स्वतःचा रियाझ सकाळी. आवाज दोन-तीन आठवडे बसलेला राहिला तर हळद-दूध, ज्येष्ठमध पुरे झालं म्हणायचं आणि कान-नाक-घसा डॉक्टरकडे जाऊन स्वरयंत्र दुर्बिणीने बघून घ्यायचं. गायकांना याची लाज वाटते. का वाटते ते मला आजवर कळलेलं नाही.

आता पुढची दीड वर्षं. बोलायचं आहे ते मुख्यतः याबद्दलच.

तुझी ग्रेड पाचची थिअरी बहुधा झालेली असेल, काही परीक्षा मंडळं त्याशिवाय आठव्या ग्रेडच्या परीक्षेला बसू देत नाहीत. जुने पेपर घोकून झाली असेल तर ती पुन्हा मुळापासून कर आणि आठव्या ग्रेडपर्यंत ने. रोज वीस मिनिटं साइट-सिंगिंग, म्हणजे न ऐकलेलं गाणं कागदावरून वाचून गाणं. दो-रे-मीची सरकती पद्धत आणि आपलं सारेगम यांचं तत्त्व एकच आहे. षड्ज कुठेही धरा, नाती तीच. तेव्हा शाळेत हार्मोनियमवर अलंकार गायलेल्या मुलीला हे परकं वाटणार नाही. रोज न ऐकलेल्या आठ ओळी वाच, चुकत वाच, पण थांबू नकोस आणि तीच ओळ पाठ होईपर्यंत घोळवू नकोस.

पियानोला जोड नाही. तुला मैफल गाजवायची नाही, चार ओळींचा स्कोअर, म्हणजे चारही आवाजांची स्वरलिपी, हातात बसायला हवा. आधी सोप्रानो आणि बास एकत्र, मग अल्टो धरून तीन, शेवटी टेनर. टेनरची ओळ ट्रेबल क्लेफमध्ये (वरच्या सुरांच्या खुणेत) लिहिलेली असते आणि गायली जाते एक सप्तक खाली, तिथे हात हमखास फसतो. बाखची कोराल्स (चार आवाजांतली स्तोत्रं) यासाठीच जगभर वापरतात. रोज एक. पहिले दोन महिने वैताग येईल.

मोत्झार्टचं 'आवे वेरुम कोर्पुस' तुमच्या क्वायरला येत असेलच. ४६ मापांची (तालाच्या घरांची) रचना आहे, मृत्यूच्या वर्षी, १७९१ मध्ये लिहिलेली. ती समोर घेऊन बस आणि प्रत्येक माप स्वतःला विचार: इथे श्वास कोण, कधी घेतं? कोणता शब्द मोठा? सूर कुठे उतरेल? कोणत्या ओळीला माझ्या हाताची गरज आहे आणि कोणाला नाही? कंडक्टिंगचं निम्मं काम असं टेबलावर होतं. उरलेल्या निम्म्यातला मोठा भाग पहिल्या ठोक्याच्या आधीच्या क्षणात आहे. हात वर जाताना तू जसा श्वास घेशील तसाच ते २२ जण घेतील. तुझे खांदे वर गेले की त्यांचेही जातात आणि मग सोप्रानो वरच्या सुराला दाबून भिडतात. आरशासमोर नुसता हा अपबीट शंभरदा कर. फोनवर तालमीचं चित्रण कर आणि आवाज बंद करून बघ. तुझ्या हातातून ताल, आवाजाची पातळी आणि वाक्याचा शेवट कळतो का? नसेल कळत, तर क्वायर तुला बघत नाही, ते सवयीने गातं आहे.

आणि आपल्याकडचं एक साधन वापर, तानपुरा. साथीशिवाय गाताना तुमचं क्वायर उतरतं का? बहुतेक उतरत असणार. एक कारण म्हणजे उतरत्या ओळीत प्रत्येक पायरी गरजेपेक्षा मोठी पडते. दुसरं म्हणजे कान कीबोर्डला सरावलेला असतो. कीबोर्डवरचा मोठा गंधार स्वयंभू गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढा असतो. चांगल्या क्वायरचा कॉर्ड (एकत्र लागलेल्या सुरांचा मेळ) एकदम उजळतो तो गंधार या नैसर्गिक जागेवर बसला की. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून तोच गंधार आपोआप ऐकू येतो. फोनवर तानपुरा लाव, बासला षड्ज, टेनरला पंचम धरायला सांग आणि अल्टोंना त्यावर गंधार शोधू दे. वाजवून दाखवू नकोस. पाच मिनिटं लागतील, पण एकदा त्यांना तो भेटला की दर तालमीला ते तो स्वतःच मागतील. हंगेरीतला किंवा जर्मनीतला मास्तर हे शिकवायला वेगळे व्यायाम देतो. आपल्याकडे तानपुरा घरोघर आहे आणि चर्चच्या क्वायरमध्ये मी तो क्वचितच पाहते.

पैशांचं. क्वायर चालवण्याचे मानधन धर्मग्रामाकडून मागू नकोस, ती सेवा आहे आणि तुलाच तिची जास्त गरज आहे. एवढी मोठी प्रयोगशाळा फुकट मिळालेली कंडक्टिंगची विद्यार्थिनी लंडनलाही सापडणार नाही. पण लग्नाच्या मिस्सेला गातेस ते फुकट नको. फुलांना, केकला, फोटोला पैसे जातात, तसेच गाण्याला जाऊ देत. रक्कम आधी सांग, निम्मी आगाऊ घे, ऑर्गन वाजवणाऱ्याचा वाटा वेगळा ठेव. नोव्हेंबर ते जानेवारी हा मुंबईत गायकांचा सुगीचा काळ असतो. कॅरोल्स, कंपन्यांचे कार्यक्रम, हॉटेलं. तेवढ्यावर वर्ष निघत नाही. वर्ष काढतात ती शाळांची कामं आणि शिकवण्या. मुंबईत आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत आणि मुलांचं क्वायर उभं करणारा माणूस त्यांना लागतो. नुसता गायक त्यांच्या फारसा उपयोगाचा नसतो. तुझ्या दोन इच्छांपैकी पोट भरेल ती कंडक्टिंगची, आणि तिच्या जिवावर गळ्याला पिकायला वेळ मिळेल. म्हणूनच मी म्हणते, क्वायर सोडू नकोस. अकाउंट्सची नोकरीही आत्ता सोडू नकोस. पहिली शाळा हातात आली की सोड.

शिकायला बाहेर जायचंच, पण लंडनखेरीज वाटा आहेत. हंगेरीत केच्केमेतला, संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या जन्मगावी, १९७५ पासून त्यांच्या नावाची संस्था आहे. आता ती बुडापेस्टच्या लिस्त अकादमीचा भाग आहे. समूहगान आणि संगीतशिक्षण हाच तिचा प्राण. हंगेरी सरकारची 'स्तिपेन्दियुम हुंगारिकुम' शिष्यवृत्ती भारतीयांना मिळते. तीत फी माफ आणि महिन्याला भत्ता असतो. अर्ज साधारण जानेवारीच्या मध्यापर्यंत करायचे असतात, म्हणजे कागदपत्रांची जमवाजमव दिवाळीपासून. जर्मनीत सरकारी संगीत महाविद्यालयांची फी बहुतेक राज्यांत नाममात्र आहे, पण जर्मन आधी यावं लागतं आणि प्रवेश परीक्षेत पियानो आणि कान तपासतात. तिथे ऐंशीच्या आसपास सरकारी मदतीवर चालणारी ऑपेरागृहं आहेत आणि त्यांच्या कोरसमध्ये पगारी नोकऱ्या असतात. मेझोंना रांग मोठी असते, हेही सांगून ठेवते. देशातच राहायचं तर चेन्नईला के. एम. म्युझिक कॉन्झर्व्हेटरीत पाश्चात्त्य गायन पूर्णवेळ शिकता येतं. आणि पॅट्रिशिया रोझारिओ यांचं नाव तुला सांगायला नकोच. मुंबईत वाढून लंडनला नाव काढलेल्या या सोप्रानोने २००९ पासून भारतात येऊन तरुण गायकांना शिकवायचा उपक्रम चालवला. अशा शिबिरांना जाऊन बस, गायला मिळालं नाही तरी ऐकायला.

कोदाय यांच्यावरून आठवलं. त्यांनी आणि संगीतकार बार्टोकने खेड्यापाड्यांत फिरून गाणी गोळा केली आणि पुढे त्यांतूनच क्वायरसाठी रचना केल्या. वसईच्या लग्नांतल्या ओव्या, सामवेदी बोलीतली गाणी तुझ्या आजीच्या पिढीला अजून येतात. चार आवाजांत बांधलेली मराठी गाणी शोधायला गेलीस तर हाती फार थोडी लागतील. मिस्सा मराठीत आल्यापासून आपण पाश्चात्त्य चालीत मराठी शब्द कोंबत आलो आणि ऱ्हस्व-दीर्घाची वाट लावली, हे माझं जुनं दुखणं आहे. थिअरी शिकताना सराव म्हणून दर महिन्याला एक ओवी चार आवाजांत बसव. वाईट होतील. दहावी-बारावी बरी होईल. ती ऑडिशनला घेऊन गेलीस तर समोरचा परीक्षक जागा होईल, कारण ती त्याने याआधी ऐकलेली नसेल.

आता अंकल. त्यांच्यासाठी थांबू नकोस. आठ म्हणजे आठला, जे असतील त्यांना घेऊन सुरू कर. उशिरा आलेल्यांकडे बघायचं नाही, हसायचंही नाही, हात चालू ठेवायचा. सगळ्यांसमोर त्यांना काही सुनावू नकोस. त्या वयाच्या माणसाला ते लागतं आणि मग टेनर शून्यावर येतो. त्याऐवजी एकाच्या घरी जा, चहा घे आणि "अंकल, साडेआठला तुमचा भाग घेते, तुमच्याशिवाय कॉर्ड पोकळ राहतो" म्हणून सांग. हे खरंच आहे, तेव्हा खोटं बोलल्याचं ओझंही नाही. दुसऱ्याला त्या सेक्शनची जबाबदारी दे: कागद वाटणं, नव्या मुलाला शेजारी उभं करून घेणं. आणि नवा मुलगा शोध. दोन टेनरवर क्वायर फार काळ चालत नाही. आवाज फुटून वर्ष-दीड वर्ष झालेली मुलं धर्मग्रामात असतीलच. त्यांना कोणी विचारलेलं नसतं, एवढंच.

मम्मीशी बोल. पप्पांनी वाडी देऊ केली आणि त्या गप्प राहिल्या, याचा अर्थ त्यांचं काही मत आहे आणि ते कोणी विचारलेलं नाही. वाडीत राबतं कोण, हेही तू लिहिलेलं नाहीस.

राहिला मिस्सेतला सोलो. सोलो गाताना हात चालवला की दोन्ही अर्धं होतं. तुझा श्वास ओळीसाठी हवा असतो आणि क्वायर तो स्वतःची खूण समजून आत येतं. या वर्षी तू कंडक्ट कर आणि सोलो अल्टोतल्या किंवा सोप्रानोतल्या एखाद्या मुलीला दे. सप्टेंबरपासून तिला तयार कर. तुला स्वतःला गायचंच असेल तर भेटवस्तू अर्पण करतानाचं एक गीत घे, ऑर्गनच्या साथीने, एकटीने, माइक न लावता. टीचरना त्या रात्री बोलाव आणि शेवटच्या बाकावर बसायला सांग. तिथपर्यंत आवाज पोचला की नाही ते त्या सांगतील.